पहिल्या शंभर टर्न : 'सिव्हिलायझेशन' शिकावे कसे?

इ. स. पू. ४०००. पडद्यावर एक सेटलर, एक वॉरियर आणि त्यांच्याभोवती दोन-तीन षटकोनांपुरता उजेड. बाकी सगळा नकाशा झाकलेला. 'सिव्हिलायझेशन' मालिकेतल्या सहाव्या भागाचा डाव असा सुरू होतो आणि पहिल्याच टर्नला प्रश्न उभा राहतो: राजधानी इथेच वसवायची, की दोन षटकोन पलीकडे? नदी कुठवर जाते, डोंगर कुठे आहेत, शेजारी कोण, यातले काहीच माहीत नसते. तरी निर्णय घ्यावा लागतो, आणि तो पुढे शेकडो टर्न तारतो किंवा भोवतो.

टर्नवर चालणाऱ्या साम्राज्य-उभारणीच्या खेळांची खरी मेख हीच आहे. सगळ्यात वजनदार निर्णय सगळ्यात आधी घ्यायचे असतात, आणि नेमके तेव्हाच खेळाडूला सगळ्यात कमी कळत असते. गेली तीस-पस्तीस वर्षे या खेळांचे कर्ते ही फट बुजवू पाहत आहेत. नव्या खेळाडूला मिळणारे बहुतेक सल्लेही त्याच फटीभोवती फिरतात. त्यातले काय उपयोगी आहे, कुठे मतभेद आहेत आणि सुरुवात नेमकी कशी करावी, याचा हा आढावा.

वंशावळ थोडक्यात

वॉल्टर ब्राइट यांचा 'एम्पायर' हा संगणकावरचा खेळ १९७७चा. फ्रान्सिस ट्रेशम यांनी १९८० मध्ये 'सिव्हिलायझेशन' नावाचा पटावरचा खेळ काढला आणि एका शोधातून दुसरा शोध उलगडत नेण्याची कल्पना त्यात रुजवली. सिड मायर आणि ब्रूस शेली यांचा संगणकावरचा 'सिव्हिलायझेशन' मायक्रोप्रोज कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणला. १९८९च्या 'सिमसिटी'चा प्रभाव ताजा असल्याने मायर यांचा पहिला कच्चा नमुना न थांबता चालणाऱ्या घड्याळावर बेतलेला होता. तो जमेना, तेव्हा त्यांनी टर्नची पद्धत घेतली. एकदा घड्याळ थांबले की खेळाडूला विचार करायला सवड मिळते, आणि खेळ म्हणजे रंजक निर्णयांची मालिका ही मायर यांची भूमिका तिथे फळाला आली.

१९९३ मध्ये 'मास्टर ऑफ ओरायन'बद्दल लिहिताना अ‍ॅलन एमरिक यांनी या जातीच्या खेळांना 'फोर-एक्स' हे नाव दिले. शोध घ्या, पसरा, साधनसंपत्ती वापरा आणि शत्रू संपवा, ही त्यातली चार कामे. 'सिव्हिलायझेशन'चा दुसरा भाग १९९६ मध्ये आला, तिसरा २००१, चौथा २००५, पाचवा २०१०, सहावा २०१६ आणि सातवा २०२५ मध्ये. तिसऱ्या भागापासून मालिका फिरॅक्सिस स्टुडिओ बनवतो. प्रत्येक भागाने आधीच्या भागातले काही मोडले आणि काही ठेवले. नव्या खेळाडूच्या बऱ्याच गोंधळाचे मूळ या मोडतोडीत आहे, ते पुढे येईलच.

सुरुवात का जड जाते

पहिले शहर सेटलर तयार करते, त्यातून दुसरे शहर वसते, दुसऱ्यातून तिसरे. विसाव्या टर्नला वसलेल्या आणि साठाव्या टर्नला वसलेल्या शहरांत कागदावर फरक चाळीस टर्नचा. पण तेवढ्या वेळात पहिल्याने लोकसंख्या वाढवलेली असते, धान्यकोठार बांधलेले असते, कदाचित स्वतःचा एक सेटलरही बाहेर पाठवलेला असतो. पतपेढीतल्या चक्रवाढ व्याजासारखा हा हिशेब आहे: मुद्दल उशिरा टाकले की नंतर कितीही भर घाला, अंतर भरून निघत नाही. खेळाडूंच्या बोलीत याला 'स्नोबॉल' म्हणतात.

त्यामुळे शंभराव्या टर्नला आपण मागे का पडलो, याचे उत्तर बहुधा तिसाव्या टर्नच्या आसपास दडलेले असते. नवा खेळाडू मात्र ते नव्वदाव्या टर्नमध्ये शोधतो. शेजाऱ्याने दगा दिला, सैन्य कमी पडले, लोखंड मिळाले नाही. ही कारणे खोटी नसतात, पण ती परिणाम असतात. वेळेवर दोन शहरे जास्त असती, तर सैन्यही असते आणि लोखंडही.

कोणता खेळ घ्यावा

संगणक बरा असेल आणि एकच खेळ घ्यायचा असेल, तर सहावा भाग घ्यावा, असे माझे मत आहे. तो पूर्ण झालेला आहे, त्याच्या 'राइज अँड फॉल' (२०१८) आणि 'गॅदरिंग स्टॉर्म' (२०१९) या मोठ्या पुरवण्या येऊन बरीच वर्षे झाली आहेत, आणि त्यावरचे शिकवणीचे साहित्यही भरपूर आहे. तो आयपॅड, आयफोन आणि अँड्रॉइडवरही मिळतो, फक्त छोट्या पडद्यावर एवढी माहिती वाचताना डोळ्यांना ताण पडतो.

पाचवा भाग जुन्या लॅपटॉपवरही बरा चालतो. एका षटकोनात एकच लढाऊ तुकडी हा नियम त्यानेच आणला, आणि चौकोनांच्या जागी षटकोनही. पैसे घालवायचे नसतील तर 'अनसिव' आहे. पाचव्या भागाच्या नियमांवर बेतलेला हा मुक्त-स्रोत खेळ साध्या फोनवरही धावतो. 'फ्रीसिव' त्याहून जुना. डेन्मार्कमधल्या विद्यार्थ्यांनी १९९५-९६ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प दुसऱ्या भागाच्या वळणाचा आहे.

ज्यांना आधी नुसती चव घ्यायची आहे, त्यांनी 'द बॅटल ऑफ पॉलिटोपिया' बघावा. स्वीडनमधून आलेल्या या फोनवरच्या खेळात 'परफेक्शन' प्रकारचा डाव ३० टर्नमध्ये संपतो. पसरायचे कधी, शोध कोणता घ्यायचा, लढायचे की थांबायचे, हे सगळे प्रश्न त्यात आहेत. पसाऱ्याचे ओझे मात्र नाही.

सातव्या भागापासून सुरुवात करावी का, यावर दुमत आहे. त्यात डाव तीन युगांत विभागला आहे. मूळ नियमांनुसार नेता तोच राहतो, पण युग बदलले की साम्राज्य बदलते. युगाच्या टप्प्यावर बरेच काही नव्याने मांडले जात असल्याने नव्या खेळाडूला सावरायची संधी मिळते, ही जमेची बाजू. मात्र प्रकाशनाच्या वेळी त्याचे स्वागत संमिश्र झाले. पडद्यावरची माहितीची मांडणी आणि सक्तीचा साम्राज्यबदल या दोन्हींवर टीका झाली. आधी सहावा आणि मग सातवा, हा क्रम मला जास्त पटतो.

पहिल्या पन्नास टर्न, जवळून

सहाव्या भागातलीच सुरुवात जरा बारकाईने पाहू. राजधानीसाठी पहिला निकष पाणी. नदी किंवा तळ्याकाठच्या शहराची वस्तीची क्षमता ५ पासून सुरू होते, समुद्रकाठी ३ पासून आणि कोरड्या जागी २ पासून. लोकसंख्या या आकड्याच्या जवळ आली की वाढ मंदावते. दुसरा निकष टेकडी. 'प्लेन्स हिल्स' या प्रकारच्या टेकडीवर शहर वसवले, तर शहराच्या मध्यातूनच एक उत्पादन जास्त मिळते. एक-दोन टर्न चालून अशी नदीकाठची टेकडी मिळत असेल तर चालावे. त्याहून जास्त भटकू नये. आदर्श जागेच्या शोधात पाच टर्न घालवणे हा महागडा सौदा आहे.

मग बांधायचे काय? रूढ क्रम असा: आधी स्काउट (टेहळ्या), मग स्लिंगर (गोफणधारी), मग सेटलर. स्काउटला ३० उत्पादन लागते, म्हणजे पाच-सहा टर्न. एवढ्या स्वस्तात तो नकाशा उघडतो, आदिवासी खेड्यांमधून बक्षिसे आणतो आणि नगरराज्ये शोधतो. एखाद्या नगरराज्याला सगळ्यांच्या आधी भेटले तर एक दूत फुकट मिळतो. उशिरा निघालेला स्काउट हे सगळे इतरांच्या पदरात टाकतो.

दहाव्या-पंधराव्या टर्नच्या सुमारास पहिली परीक्षा येते. रानटी टोळीचा एक स्काउट राजधानीजवळ घुटमळतो. शहर दिसले की त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह उमटते आणि तो आपल्या तळाकडे पळत सुटतो. तो तळावर पोचला की तिथून हल्लेखोर तुकड्या निघतात. नवा खेळाडू त्याला किरकोळ समजून सोडून देतो आणि थोड्याच वेळात दोन-चार तुकड्या शेतांची नासधूस करत राजधानीच्या वेशीवर उभ्या राहतात. वॉरियर घराजवळ ठेवणे, एक-दोन स्लिंगर बाळगणे आणि त्या स्काउटची वाट अडवणे, एवढ्यावर हे टळते.

वीस-पंचवीस टर्नच्या आत पहिला सेटलर निघायला हवा. त्याला ८० उत्पादन लागते आणि पुढचा प्रत्येक सेटलर महाग होत जातो. शहराची लोकसंख्या किमान २ असावी लागते आणि सेटलर बाहेर पडताना ती एकने घटते. इथेच मोह आडवा येतो तो 'वंडर'चा, म्हणजे डावात एकालाच बांधता येणाऱ्या भव्य वास्तूचा. स्टोनहेंजला १८० उत्पादन लागते, म्हणजे जवळपास पहिल्या दोन सेटलरएवढे. पडद्यावर ते बांधले जाताना फार देखणे दिसते. पण दुसऱ्या कुणी आधी बांधले तर संधी गेली, आणि आपणच बांधले तरी दोन शहरांची जागा शेजाऱ्याने घेतलेली असते. सुरुवातीच्या काळात वंडरला नाही म्हणता येणे हे या खेळातले पहिले शहाणपण.

खेळच शिकवतो तेव्हा

१९९१च्या पहिल्या भागासोबत जाडजूड पुस्तिका येई. नकली प्रती रोखण्यासाठी खेळ मध्येच विचारी, अमुक शोधाच्या आधी कोणते शोध लागतात? उत्तर पुस्तिकेत असे. त्या निमित्ताने का होईना, ती उघडावी लागे. पुढे 'सिव्हिलोपीडिया' हा खेळातलाच कोश आणि बाजूला उभे राहून सुचवणारे सल्लागार यांच्यावर भर आला. सल्लागार हाताशी लागेल ते सुचवतात, पण त्या निर्णयाने काय गमवावे लागेल हे सांगत नाहीत. त्यामुळे त्यांचा उपयोग बेताचाच.

सहाव्या भागातली 'युरेका'ची योजना मात्र हुशार आहे. नेमके एखादे काम केले की संबंधित शोधाचा सुमारे ४० टक्के खर्च वाचतो. स्लिंगरने एक शत्रू मारा, धनुर्विद्या स्वस्त. समुद्रकाठी शहर वसवा, नौकानयन स्वस्त. दुसऱ्या एखाद्या संस्कृतीला भेटा, लेखनकला स्वस्त. 'क्राफ्ट्समनशिप'साठी तीन षटकोन सुधारावे लागतात, आणि एका बिल्डरला कामेही तीनच मिळतात. म्हणजे पहिला बिल्डर तिन्ही कामे संपवेल तोवर पुढचा टप्पा सोपा झालेला असतो. ही यादी समोर ठेवून खेळले की सुरुवातीचा सगळा अभ्यासक्रम न कळत पार पडतो. शिकवणीचा वेगळा डाव खेळण्यापेक्षा हे जास्त मुरते.

चित्रफिती उपयोगी पडतात, पण निवडून बघाव्यात. सर्वात वरच्या पातळीवर जिंकून दाखवणाऱ्या तज्ज्ञाचे अनुकरण नव्या खेळाडूला पेलत नाही, कारण तज्ज्ञ काय सोडून देतो आहे हे पडद्यावर दिसतच नाही. खेळात मराठी किंवा हिंदीचा पर्याय नाही, म्हणून इंग्रजी संज्ञांची सवय करून घ्यावीच लागते. सुरुवातीला सगळा कोश वाचू नये. एखादे चिन्ह अडले की तेवढ्याच नोंदीकडे वळावे.

पसरावे की मुरावे

या खेळातला सगळ्यात जुना वाद हा. खूप शहरे वसवावीत, की मोजकी शहरे मोठी करावीत? याचे एक उत्तर नाही, प्रत्येक भागाचे वेगळे आहे. सुरुवातीच्या भागांत शहरांची खोगीरभरती करणे ही सर्रास चाल होती. ती मोडण्यासाठी चौथ्या भागाने शहरांच्या संख्येनुसार आणि अंतरानुसार देखभालीचा खर्च वाढवला. वेगाने पसरणारा तिथे कंगाल होई. पाचव्या भागात सगळ्या साम्राज्याची मिळून एकच खुशाली ठेवली, आणि 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' पुरवणीनंतर (२०१३) प्रत्येक नव्या शहरामुळे शोधांचा खर्चही वाढू लागला. 'ट्रॅडिशन' धोरणाचे लाभ पहिल्या चार शहरांपुरते होते. साहजिकच चार शहरांचे साम्राज्य हा तिथला राजमार्ग ठरला.

सहाव्या भागाने हे उलटवले. विद्यापीठ, धर्मस्थळ, उद्योग यांचे वेगवेगळे 'डिस्ट्रिक्ट' प्रत्येक शहराला उभारावे लागतात, आणि दुसऱ्यासाठी लोकसंख्या ४, तिसऱ्यासाठी ७ लागते. एका थोरल्या शहरापेक्षा चार मध्यम शहरांत विद्येची चार केंद्रे उभी राहतात. म्हणून शंभराव्या टर्नपर्यंत आठ-दहा शहरे हा अनुभवी खेळाडूंचा दंडक. नव्या खेळाडूने चार-पाच जमवली तरी उत्तम.

यातून निघणारा धडा साधा आहे. सल्ला वाचण्याआधी तो कोणत्या भागासाठी आणि कोणत्या पुरवणीसाठी लिहिला आहे ते पाहावे. पाचव्या भागाचे चार शहरांचे सूत्र घेऊन सहावा खेळणारे कितीतरी जण शंभराव्या टर्नला डोके धरून बसतात.

पातळी, नकाशा, वेग

सहाव्या भागात आठ पातळ्या आहेत. 'प्रिन्स' ही चौथी पातळी समतोलाची. तिथे संगणकालाही सवलत नाही आणि तुम्हालाही नाही. त्याखाली सवलत तुम्हाला, त्यावर संगणकाला. पातळी वाढली म्हणून संगणक फारसा अधिक शहाणा होत नाही, त्याला फक्त जास्त मिळते. सर्वात वरच्या 'डेइटी'वर तो तीन सेटलर घेऊनच डाव सुरू करतो. म्हणून तिथले शिकणे हे बरेचसे संगणकाच्या खोडी ओळखण्याचे शिकणे असते.

तळाच्या पातळीपासून सुरुवात करावी असे काही जण सांगतात. तिथे धोका असा की चुकीच्या सवयींना शिक्षाच होत नाही. सैन्य न ठेवता, वंडर बांधत बसूनही डाव जिंकता येतो, आणि तीच सवय वरच्या पातळीवर नडते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या पातळीवर पहिला डाव आणि मग थेट 'प्रिन्स', हा मधला मार्ग बरा.

नकाशा छोटा आणि एकाच मोठ्या भूखंडाचा, म्हणजे 'पँजिया' घ्यावा. आरमाराची डोकेदुखी त्याने टळते. वेग 'स्टँडर्ड' ठेवावा, त्यात डाव जास्तीत जास्त ५०० टर्नचा असतो. 'ऑनलाइन' वेगात तो २५० टर्नमध्ये आटोपतो खरा, पण तुकड्यांची चाल तेवढीच राहते. त्यामुळे सैन्य सीमेवर पोचेपर्यंत ते जुनाट झालेले असते. ऐच्छिक 'मोड' सगळे बंद ठेवावेत.

शेवटाकडचा कंटाळा

फिरॅक्सिसनेच मान्य केले आहे की बरेच खेळाडू डाव शेवटपर्यंत नेतच नाहीत. कारण उघड आहे. दीडशेव्या टर्नच्या सुमारास कोण जिंकणार हे बहुधा ठरलेले असते. उरते ती वीस शहरांची आणि चाळीस तुकड्यांची रोजची हजेरी. या दुखण्यावर निरनिराळे उपाय झाले. चौथ्या भागाचे कर्ते सोरेन जॉन्सन यांनी 'ओल्ड वर्ल्ड'मध्ये (२०२१) दर टर्नला देता येणाऱ्या हुकमांचीच संख्या मर्यादित केली. त्यात राजा म्हातारा होतो, मरतो आणि वारस गादीवर येतो. 'ह्यूमनकाइंड'ने (२०२१) प्रत्येक युगात संस्कृती बदलायची मुभा दिली आणि जयापजय कीर्तीच्या गुणांवर ठेवला. 'सिव्हिलायझेशन'चा सातवा भाग त्याच वाटेने गेला. सुरुवातीच्या आघाडीचे वजन कमी करणे हा या सगळ्यांचा समान हेतू, पण पूर्ण समाधान कुणाचेच झालेले नाही.

इतिहासाचा आक्षेप

हे खेळ इतिहास शिकवतात, असे कौतुक नेहमी होते. ते सावधपणे घ्यावे. मोकळी जमीन, ती व्यापणारा वसाहतकार, वाटेत येणारे 'रानटी' आणि एकाच शिडीने वर जाणारी प्रगती, हा साचा युरोपीय वसाहतवादाच्या नजरेतून घडलेला आहे. २०१८ मध्ये क्री जमातीचे नेते पाउंडमेकर यांना सहाव्या भागात आणले गेले, तेव्हा कॅनडातल्या पाउंडमेकर क्री नेशनच्या एका प्रमुखाने जाहीर हरकत घेतली. दुसऱ्यांची भूमी बळकावणे हे आमच्या परंपरेचे मूल्यच नाही, असा त्या हरकतीचा रोख होता. सातव्या भागाने रानटी टोळ्या आणि नगरराज्ये ही विभागणी मोडून त्या जागी 'स्वतंत्र सत्ता' आणल्या. त्यांच्याशी मैत्रीही करता येते.

भारत पहिल्या भागापासून आहे, पण दीर्घकाळ तो मुख्यतः गांधीजींच्या चेहऱ्याने. गांधीजी अणुबॉम्ब टाकत सुटतात तो संगणकाच्या आकडेमोडीतला दोष, ही दंतकथा खूप पसरली. असा दोष नव्हता, हे मायर यांनी २०२०च्या आत्मचरित्रात स्पष्ट केले. सहाव्या भागात चंद्रगुप्त आला, आणि भारताची खास सुधारणा आहे 'स्टेपवेल', म्हणजे आपली बारव. ती अन्न आणि वस्तीची क्षमता दोन्ही वाढवते, त्यामुळे भारत घेऊन खेळणाऱ्याला कोरड्या जागेचीही तितकी धास्ती राहत नाही. सातव्या भागात मौर्य, चोळ आणि मुघल अशी तीन युगांची साखळी आहे. नंतरच्या पुरवणीत राणी लक्ष्मीबाईही नेत्या म्हणून आल्या. मराठे मात्र स्वतंत्रपणे खेळता येत नाहीत. त्यासाठी 'युरोपा युनिव्हर्सॅलिस ४'कडे जावे लागते, आणि तो टर्नवर चालणारा खेळ नाही.

तर सुरुवात कशी करावी

सगळे सल्ले बाजूला ठेवून एकच पाळायचा असेल, तर तो असा: पहिला डाव जिंकण्यासाठी खेळू नये. शंभराव्या टर्नला थांबावे आणि मोजावे. शहरे किती झाली, पहिला सेटलर कितव्या टर्नला निघाला, बांधलेल्या गोष्टींपैकी कोणती आज उपयोगी पडते आहे. मग तोच नेता आणि तशीच पातळी घेऊन पुन्हा इ. स. पू. ४००० पासून सुरू करावे. असे दोन-तीनदा केले की पहिल्या टर्नच्या निर्णयामागे थोडी तरी माहिती जमा होते, आणि खेळ ज्या फटीवर उभा आहे ती अरुंद होते.

एकच डाव पाचशे टर्न ओढून हरण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात अशा अनेक सुरुवाती होतात. या खेळात शेवट सुरुवातीतच ठरत असेल, तर सराव सुरुवातीचाच करायला हवा. अर्धवट सोडलेल्या डावांची लाज वाटायचे कारण नाही. जो डाव शंभराव्या टर्नला सोडवतच नाही, तोच शेवटपर्यंत न्यावा.